तिसरा ठोका

त्या मुलखात बोलायला सगळेच असत. ऐकायला मात्र कुणाला तरी नेमावे लागे.

मुलखाच्या मध्यभागी काळडोह होता आणि काळडोहाच्या तळाशी थोरला तराफा पडलेला होता. पणजोबांच्या काळात सागाच्या शंभर ओंडक्यांचा तो तराफा बांधला गेला, तेव्हा हा बुडूच शकत नाही असे सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्याच फेरीत तो बुडाला. त्याच्यासोबत कोण कोण गेले हे आता कुणालाही आठवत नव्हते, पण खाली जाऊन तो तराफा बघून येणे ही मोठ्या मानाची गोष्ट झाली होती. तळ बघून आलेला प्राणी पुढे कुठल्याही विषयावर बोलू लागला तरी त्याला कुणी अडवत नसे.

खाली जायचे ते रांजणातून. मोठा भाजका रांजण, बघण्यासाठी त्याच्या पोटाला अभ्रकाचा एक तुकडा बसवलेला, झाकण लाखेने बंद केलेले, बुडाला धोंडे बांधलेले आणि गळ्याला काथ्याचा लांबलचक दोर. हा दोर घोरपडींच्या घराण्याकडे असे. घोरपड एकदा धरलेले सोडत नाही, हे एक कारण. दुसरे कारण कमी जणांना ठाऊक होते. घोरपड आपला खालचा जबडा दोरावर टेकवते आणि खोल पाण्यातून दोरावाटे आलेला बारीकसा धक्काही हाडात ओळखते. म्हणून घराण्यातला एक रांजणात बसून ठोके देई आणि एक काठावर बसून ऐके. एक ठोका म्हणजे सगळे ठीक. दोन म्हणजे कपारीखाली अडकलोय, ढील द्या, ओढू नका. तीन म्हणजे मोकळे झालो, ओढा. डोहाच्या मध्यावर खडकाची एक कपार पाण्यात पुढे आलेली होती. तिच्याखाली रांजण असताना कुणी दोर ओढला तर झाकण फुटणार हे नक्की. पाण्यात रांजण हलका होतो, त्यामुळे ओढायला फार बळ लागत नाही. दोर मोकळा हवा आणि काठावर शांतता हवी, एवढ्या दोनच अटी होत्या. दोर पाण्यात असेपर्यंत काठावर बोलायचे नाही, अशी जुनी रीतच होती. ती नीट पाळली जाई, कारण पूर्वी काठावर कुणी येतच नसे.

त्या पिढीत ठोके देणारा होता तुळाजी, आणि ऐकणारी त्याची बायको सगुणा.

तुळाजीच्या शेपटीवर तरुणपणी एक दरड कोसळली होती आणि शेवटचा वीतभर तुकडा गेला होता. तो ठोके शेपटीनेच देई, पण आखूड शेपटी तिसऱ्या वेळी उचलायला त्याला जरा वेळ लागे. त्यामुळे त्याचा तिसरा ठोका नेहमी रेंगाळत यायचा. टक, टक, आणि मग, आता विसरला की काय असे वाटेपर्यंत थांबून, टक. सगुणा त्यावरून त्याला फार छळायची. "जेवायला तीनदा हाक मारली की तिसऱ्याला उठता, आन् ठोका द्यायचा तर तिसऱ्याला झोपता," असे ती म्हणे, आणि तो खरोखरच उत्तर द्यायला वेळ लावी.

या खेपेचा रांजण साळिंदररावांनी बनवला होता. साळिंदरराव हुशार होते आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली होती. रांजण अजून दोन दिवस भट्टीत राहू द्या, असे कुंभारीण माशी त्यांना सांगायला गेली. ते म्हणाले की नियम भित्र्यांसाठी असतात. त्यांच्या अंगावरचे काटे बघता त्यांना फार जवळ जाऊन काही सांगायची कुणाची छाती होत नसे. माशी पुन्हा आपल्या चिखलाकडे गेली. मयूरशेठना तराफा बघायचा होता, कारण त्यांचे बाकी सगळे बघून झाले होते. त्यांच्यासोबत साळिंदररावही रांजणात बसणार होते. सगुणाने नवऱ्याला अडवून पाहिले.

"कच्चा भाजलाय तो. माशी उगाच नाही बोलत."

"मला पण दिसतंय की," तुळाजी म्हणाला. "पण मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. त्याला ठोका द्यायचं काय कळतंय? तिघं फुकट मरतील."

सगुणाला राग आला, आणि तो राग येण्यासारखाच होता, कारण त्याचे म्हणणे बरोबर होते.

सकाळी रांजण पाण्यात गेला. सगुणा काठावरच्या बसक्या दगडावर जबडा दोराला लावून बसली. एक ठोका आला. काही वेळाने पुन्हा एक. ऊन माथ्यावर आले आणि दोन ठोके आले. तिने ढील दिली. असे आधीही झाले होते. खालचा प्रवाह संध्याकाळी फिरतो आणि रांजण आपोआप बाहेर सरकतो. कधी एक दिवस लागतो, कधी तीन. तिने पाय पसरले, डोळे मिटले आणि तिसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली.

तेवढ्यात टिटवी डोहावरून गेली.

तिने काय पाहिले ते तिचे तिलाच ठाऊक, पण रांजण अडकला, रांजण बुडाला, रांजण फुटला अशा तीन बातम्या तिने तीन दिशांना सोडल्या. तिसऱ्या प्रहरापर्यंत अख्खे रान काठावर लोटले. ज्यांना डोह कुठे आहे हे सकाळपर्यंत ठाऊक नव्हते, ते आता डोहाची खोली सांगत होते. सगुणाने एकदा डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. आपण डोळे मिटले की ते जातील, अशी वेडी आशा तिला वाटली असावी.

मुलखाचा प्रमुख करकोचा होता. सगळे त्याला अण्णासाहेब म्हणत. एवढी गर्दी जमल्यावर तिला उद्देशून दोन शब्द बोलणे त्याला भागच होते, आणि बोलायला उंचवटा हवा होता. काठावर उंचवटा एकच, सगुणा बसली होती तो.

"जरा मागं सरता का, बाई?" करकोचा अदबीने म्हणाला. "तुमच्याविषयीच बोलणार आहे."

"अण्णासाहेब, मला इथंच बसायला हवं. आन् बोलू नका. दोर पाण्यात हाय."

"अगदी बरोबर. हेच सांगणार आहे मी सगळ्यांना."

त्याने सांगितले, आणि सांगायला त्याला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. दोर पाण्यात असताना शांतता राखण्याची आपली थोर परंपरा किती जुनी, तिचा आपल्याला किती अभिमान, आणि हल्लीच्या पिढीला तिचा कसा विसर पडला, हे ऐकून पुष्कळांनी पंख फडफडवून दाद दिली. सगुणा मागे सरत सरत वीस पावलांवर, दोराची मेख ठोकलेली होती तिथपर्यंत जाऊन पोचली. पाणी आणि ती यांच्यामध्ये आता सगळे रान उभे होते. दोर त्यांच्यामधून, वाळूवरून पाण्याकडे गेला होता.

"अहो, दोरावरनं पाय काढा!" ती ओरडली.

ज्यांना ऐकू गेले त्यांनी लगेच पाय काढले. त्यांच्या जागी दुसरे आले.

पहिल्या दिवशी एवढेच झाले, आणि ते दुसऱ्या दिवसाच्या मानाने बरे होते.

दुसऱ्या दिवशी जाणकार आले. खारमावशी एकदा पुरात झाडाच्या ढोलीत दोन दिवस अडकून पडली होती, त्यामुळे बंद जागेत श्वास किती पुरतो याविषयी तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. तिने ढीगभर बिया आणल्या, वाळूवर मांडल्या आणि स्वतःच्या छातीवर पंजा ठेवून मोजणी सुरू केली. एवढे श्वास म्हणजे एक बी. एवढ्या बिया म्हणजे एक रांजण. एकेक बी ती उचलून खाऊ लागली आणि दर बीला ओरडून सांगू लागली की आता किती उरल्या. लोक तिच्याभोवती कडे करून उभे राहिले. डोहाकडे पाठ करून सगळे बियांकडे बघत होते.

साळुंक्यांना सकाळपर्यंत आठ गाणी सुचली होती. मोर कसा बुडाला, पिसारा कसा भिजला, साळिंदराचे काटे रांजणात कसे टोचले, अशी एकाहून एक. चाली चांगल्या होत्या. घोरपडीवर गाणे नव्हते. घोरपड गाण्यात बसत नाही.

मग दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे होते की शेठना एवढा माज होता, बरे झाले, अद्दल घडली. दुसऱ्या तटाचे म्हणणे होते की धाडस करणाऱ्यांची खिल्ली उडवणे हीच या मुलखाची अवनती आहे. पहिला तट दुसऱ्याला चाटू म्हणाला, दुसरा पहिल्याला जळकू म्हणाला, आणि दुपारपर्यंत प्रकरण चोचीवर आले. रांजण कच्चा होता हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होते असे सांगणारे साठ-सत्तर निघाले. ज्या कुंभारीण माशीने खरोखर सांगितले होते ती तिथे नव्हती. ती दूर एका भिंतीपाशी चिखल मळत होती आणि मध्येच थांबून डोहाच्या दिशेने बघत होती.

कावळ्याचा प्रश्न वेगळा होता. त्याच आठवड्यात दुष्काळ पडलेल्या रानातून निघालेले उंदीर पलीकडच्या वेतवनापाशी एका सुकल्या झावळीवर बसून डोह ओलांडत होते. झावळी उलटली. ऐंशीएक उंदीर गेले. कुणी फिरकले नाही, कुणी बिया मोजल्या नाहीत, टिटवीही त्या बाजूने उडाली नाही. कावळ्याने एका वाचलेल्या ओल्या उंदरिणीला उचलून आणले आणि करकोच्याच्या शेजारी, त्याच दगडावर बसवले.

"हिच्याकडे बघा!" तो गरजला. "तीन जणांसाठी अख्खं रान लोटलंय, आणि हिच्या ऐंशींसाठी कोण आलं होतं? बोला!"

म्हणणे खरे होते. सगुणालाही ते पटले. पण कावळा तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणाला, मग चौथ्यांदा, मग नव्या येणाऱ्यांसाठी पुन्हा सुरुवातीपासून. आणि झावळी उलटली तेव्हा तो स्वतः कुठे होता हे त्याला कुणी विचारले नाही. उंदरीण दगडावर थरथरत बसली होती. सकाळपासून तिला कुणी कोरडे पान दिले नव्हते, कारण ओली असल्यामुळेच ती उपयोगाची होती.

दुपारी एक साळुंकी आपल्या थव्यातून फुटून मेखेपाशी आली. सगुणापुढे मान कलती करून म्हणाली, "काय वाटतंय तुम्हाला, वहिनी? मनात काय चाललंय?"

"ऐकू येत नाहीये," सगुणा म्हणाली.

साळुंकी उडाली आणि गर्दीवर जाऊन ओरडली, "दुःखानं वहिनींचे कान गेले हो, कान गेले!"

गर्दी हळहळली. काही जणींनी डोळे पुसले. मग बिचारीला ऐकू यावे म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलू लागले.

सगुणाचे डोके फिरायचे बाकी होते, आणि तेही सशांनी पूर्ण केले. ससे मनाने चांगले. गर्दीत मनापासून वाईट वाटत असलेले कोण, असे कुणी विचारले असते तर ससेच दाखवता आले असते. नुसते उभे राहून काय उपयोग, खाली असलेल्यांना कळायला हवे की आपण त्यांच्या सोबत आहोत, असे त्यांना वाटले. त्यांना ठोक्यांविषयी अर्धवट माहिती होती. मग शंभर ससे रांगेत उभे राहिले आणि मागचे पाय एकदम जमिनीवर आपटू लागले. धप, धप, धप. थांबायचे, पुन्हा धप, धप, धप.

मेखेपाशी बसलेल्या सगुणाच्या जबड्यात तीन ठोके आले.

तीन! तिने दोर जबड्यात घट्ट धरला, चारही पाय वाळूत रोवले आणि ओढला. हातभर आला. आणि दुसऱ्यांदा ओढणार तोच तिच्या लक्षात आले की तिसरा ठोका वेळेवर आला आहे.

ती तशीच थिजली. आपण आता काय करणार होतो ते तिला स्वच्छ दिसले. कपारीखालचा रांजण, झाकण, झाकणाखाली तो. तिने दोर सोडला, घाईने हातभर ढील दिली आणि सशांवर धावून गेली.

"बंद करा! अरे मुडद्यांनो, बंद करा ते! आत्ता मारलं असतं मी त्यांना, तुमच्या पायी!"

ससे घाबरले. त्यातली एक म्हातारी ससीण रडवेली होऊन म्हणाली, "आम्ही तुझ्यासाठीच करत होतो ना ग."

"माझ्यासाठी काही करू नका. गप्प बसा नुसतं. एवढं एक करा माझ्यासाठी, गप्प बसा!"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेले, आणि आवडले नाही. दुःख झाले म्हणून काय झाले, बोलायची काही पद्धत असते. सशांनी भल्यासाठी केले आणि त्यांना मुडदे म्हटले! कावळा म्हणाला की नवऱ्याने शेठांची चाकरी केली की बायकोच्या जिभेवरही शेठ येतो. संध्याकाळपर्यंत मयूरशेठांवरचे दोन्ही तट एका गोष्टीवर एकत्र आले, ती म्हणजे सगुणा. सगुणाला त्याचे काही नव्हते. ती पुन्हा मेखेपाशी जबडा टेकवून बसली होती. दोरात गडबड होती, नुसती गडबड. पाय, शेपट्या, पंख, गाणी, भांडणे सगळे त्या काथ्यात उतरले होते आणि त्यातून एक आखूड शेपटी वेगळी काढायची होती. दोन-तीनदा तिला वाटले, आला. मग वाटले, नाही. आता तिचा स्वतःच्या हाडांवरही विश्वास उरला नाही, आणि या गोष्टीचे तिला सगळ्यांत जास्त भय वाटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खारमावशीने शेवटची बी उचलली, सगळ्यांना दाखवली आणि खाल्ली.

"संपलं," ती म्हणाली.

गर्दीतून मोठा निःश्वास आला. त्यात दुःख होते, आणि एवढे थांबल्याचे चीज झाल्याचे समाधानही होते. साळुंक्या गप्प झाल्या. मेलेल्यांवर गाणी म्हणत नसत. कालपर्यंत माजोरडे असलेले मयूरशेठ क्षणात दिलदार झाले आणि साळिंदरराव द्रष्टे. तुळाजीचे नाव काय होते हे विचारायला कुणीतरी मेखेकडे आले.

सगुणा गर्दीतून वाट काढत करकोच्यापाशी गेली.

"अण्णासाहेब, खारमावशीनं स्वतःच्या छातीवर मोजलंय. ती चिमूटभर जीव, सारखी धापत असती. आमचं तसं नसतंय. आमी एक श्वास घेतो तेवढ्यात तिचे वीस होतात. थंडीत हे महिनाभर बिळात निजतात, मला हात लावून बघावं लागतं जितं हाईत का. शेठजींना आन् रावांना पण ह्यांनी सांगितलं असणार, हालू नका, बोलू नका म्हणून. अजून हाईत ते. प्रवाह आज फिरणार. मला फक्त ऐकू द्या."

करकोच्याने मान लांब करून तिच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते.

"बाई, मला समजतं. सुरुवातीला असंच वाटतं."

"अवो, वाटतं न्हाई, सांगतेय मी!"

"बघा हो," खारमावशी बाजूला कुणाला तरी म्हणाली, "तीन दिवस बिया मोजायची मेहनत आमची, आणि हिशेब हिचा." श्वास मोजून मोजून ती दमली होती. या कामात आपण खारीचा वाटा उचलला असे ती सगळ्यांना विनयाने सांगत होती, आणि तो तेवढाच होता हे मात्र कुणी बोलत नव्हते.

करकोच्याने पंख उंचावला. "मित्रहो, आता शोक."

त्या मुलखात शोकाची रीत होती. पिंपळाचे एक पान पाण्यावर सोडायचे. ते तरंगत वेताच्या बेटाला लागेपर्यंत प्रत्येकाने एक पाय वर घेऊन, मान खाली घालून, डोळे मिटून, अवाक्षर न काढता उभे राहायचे. ही रीत मोडणे फार अशुभ मानले जाई. ती कुणी मोडलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती.

पान सोडले. सगळ्या रानाने एक पाय उचलला.

सगुणा तोवर मेखेकडे परतत होती. अर्ध्या वाटेत तिला काहीतरी विचित्र वाटले. कशाने ते तिला आधी कळेना. मग कळले. कुणी बोलत नव्हते. तीन दिवसांत पहिल्यांदाच पाणी काठाला लागल्याचा आवाज येत होता. आणि तिच्या समोर, त्या असंख्य पायांमधून, तीन दिवस वाळूत रुतून बसलेला दोर हळूच बोटभर वर आला होता.

ती तशीच पडली, दोरावर जबडा लावून.

काही नाही. पाणी. पुन्हा पाणी. खूप खाली कपारीवर काथ्या घासल्याची खसखस. आणि मग तीही थांबली.

टक.

तिने श्वास रोखला.

टक.

आता काही नाही. काहीच नाही. पान बेटाच्या निम्म्या वाटेवर होते. विसरला की काय, असे वाटेपर्यंत काही नाही.

टक.

"तीन!" सगुणा ओरडली. "तीन हाईत! जित्ते हाईत! ओढा रे, ओढा!"

"शूऽऽ!"

सगळ्या बाजूंनी एकदमच आले. डोळे न उघडता आले. ज्या ससिणीला तिच्यासाठी काहीतरी करायचे होते तिनेही मिटल्या डोळ्यांनी, फार दुखावून, शूऽऽ केले. करकोच्याने एक डोळा किलकिला केला, तिच्याकडे पाहिले, आणि कीव येऊन पुन्हा मिटला.

सगुणाने दोर जबड्यात धरला आणि मेखेकडे मागे मागे सरू लागली. दोर आला. पायांना, नखांना घासत आला, पण आला. एक हात. दोन हात. एकटीच्या जोराने तो अडखळत होता. तेवढ्यात मागून दोर थोडा हलका झाला. तिने तिरक्या डोळ्याने पाहिले. कावळ्याने दगडावर बसवलेली ती ओली उंदरीण खाली उतरली होती. तिने मागचा दोर दातांत धरला होता आणि ती आपल्या चारही इवल्या पायांनी वाळू उकरत मागे सरत होती. दोघींनी एकमेकींना काही म्हटले नाही. दोघींच्याही तोंडात दोर होता.

तीन हात. पाच. सात. कोरड्या काथ्यापाठोपाठ पाण्यातला ओला काथ्या पहिल्यांदाच वाळूवर आला, काळा, गार, निथळणारा. तो एका पायावर उभ्या असलेल्या सशांच्या, खारींच्या, साळुंक्यांच्या मधून सळसळत गेला. काहींच्या पायाला थंड लागला. त्यांनी पाय किंचित आकसला, पण डोळे उघडले नाहीत. दोरातून आता ठोके सलग येत होते, एक-दोन-आणि मग-तीन, एक-दोन-आणि मग-तीन, जणू तो खालून तिला मोजून देत होता. सगुणाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. आयुष्यभर ज्यावरून त्याला छळले तो उशीर आता कितीही ऐकला तरी तिला पुरेना. अकरा हात. चौदा. पाण्यात खोल काहीतरी करडे, गोल, वर येताना दिसू लागले.

पिंपळाचे पान वेताच्या बेटाला लागले.

"शोक पूर्ण झाला," करकोचा म्हणाला, आणि सगळ्यांनी आपला वर धरलेला पाय खाली ठेवला, पुष्कळांनी दोरावरच.